नाटक कंपनीचा कपडेपट

घरांतील पैठणी वर्षांतून दोन-तीन वेळां पेटीबाहेर निघते. लग्नमुंजीला ती नेसावी, दुसऱ्या दिवशीं सावलींत तिला वारा द्यावा, जर आंत येईल अशी उलटी घडी करून जुन्या मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळावी आणि पुढील कार्यापर्यंत तिची आठवण काढूं नये, हा क्रम आमच्या वाचकभगिनींच्या चांगल्या परिचयाचा आहे. आतां अशीच एक पैठणी दिव्यांच्या धगींत, घामानें निथळणाऱ्या पुरुषाच्या अंगावर, रात्रीमागून रात्र पांच-पांच तास वावरते अशी कल्पना करावी. आणि मुक्काम हलला कीं बैलगाडींतून स्टेशनावर व तेथून आगगाडीनें परगांवीं जाण्याचेंही तिच्या नशिबीं आहे असें समजावें. ती किती दिवस टिकेल? मराठी संगीत नाटकाच्या वैभवाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु या प्रश्नाचें उत्तर ज्यांना रोज शोधावें लागे, त्या माणसांविषयीं लिहिलेलें आमच्या वाचनांत फारच थोडें आलें.

रंगपटांत नटाचा चेहरा तयार होतो. कपडेपटांत त्याचें बाकीचें सर्व. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां रंगभूमीवर देव आणि राक्षस यांचें राज्य होतें, व त्यांची सोंगें ठसठशीत दिसलीं म्हणजे काम भागत असे. पुण्यास १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें आणि पुढें सामाजिक नाटकें वाढलीं, तसा प्रेक्षक रंगभूमीवरील स्त्रीची तुलना शेजारच्या खुर्चीवरील स्त्रीशीं करूं लागला. राक्षस कसा दिसतो हें कोणीं पाहिलें आहे? परंतु निरी कोठें चुकली हें मात्र स्त्रियांच्या बैठकींतील प्रत्येकीला कळे.

आणि ही स्त्री वस्तुतः पुरुष! खांदे रुंद, दंड भरलेला, कंबर सरळ. नऊवारी लुगडें स्त्रीच्या देहावर आपोआप जो घाट धरतें तो येथें आणावा लागे. चोळीच्या बाहीची लांबी बोटभर चुकली कीं दंड पुरुषाचा दिसे. छातीवरून जाणारा पदर कोठें सैल व कोठें घट्ट असावा, ओचा किती उचलावा, मागचा काष्टा बसतांना ताणला जाऊं नये म्हणून किती कापड सोडावें, हें सर्व गायकाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून ठरवावें लागे. दिसण्यासाठीं आंवळलेली चोळी तान घेतांना नटाचा दम कोंडी. बालगंधर्वांनीं नेसलेल्या लुगड्यांची, केसांतील फुलांची आणि दागिन्यांची नक्कल सुशिक्षित घरांतील स्त्रियांनीं केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. जी स्तुति नटाच्या वाट्याला गेली तिच्यांत शिंप्याचा वांटा थोडा नव्हता, असें आम्हांस वाटतें.

दिव्यांचा प्रश्न निराळा. पिवळट प्रकाशांत फिकट पिवळें पातळ पांढरें दिसे आणि गडद निळें पातळ काळ्यांत जमा होई. दुकानांत दिवसाउजेडीं मन मोहून घेणारा रंग रात्रीं नाटकगृहांत मेलेला निघे. म्हणून जाणता माणूस कापड घेण्यापूर्वीं तें दिव्याखालीं धरून पाही. पुढें विजेचे दिवे आले आणि हा सारा हिशेब पुन्हां नव्यानें मांडावा लागला.

खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालीं रंगभूमीवर आलें. वाचकांपैकीं ज्यांनीं तें पाहिलें असेल त्यांनीं एकदां केवळ कपड्यांच्या दृष्टीनें त्याचा विचार करावा. श्रीमंत भामिनी वनमालेच्या साध्या वेषांत धैर्यधराच्या छावणींत जाते. तिकडे लक्ष्मीधर दागिन्यांनीं मढलेला आणि चोराच्या भयानें गांगरलेला. संपत्ति मोठी कीं शौर्य मोठें, हा नाटकाचा वाद संवादांत ऐकूं येण्यापूर्वींच वेषांत दिसतो. वनमालेचें लुगडें जरा जास्त सुंदर झालें तर कथानकच लंगडें पडतें. प्रेक्षकांना लाडका नट साध्या वेषांत रुचत नाहीं, आणि नाटकाला तर साधाच वेष हवा. या ओढाताणींत कपडेपटाचें खरें शहाणपण कसोटीस लागे. याच नाटकाचा ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त प्रयोग झाला, त्यांत बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर होता.

त्याहून अवघड परीक्षा ‘एकच प्याला’ची. गडकरी जानेवारी १९१९ मध्यें वारले आणि पुढच्याच महिन्यांत बडोद्यास त्यांचें हें नाटक झालें. सिंधू पहिल्या अंकांत भरल्या घरची सून आहे; शेवटीं ती लोकांचें दळण दळते. शालू शिवणारे हात पुष्कळ, दारिद्र्य शिवणारे थोडे. नवें लुगडें फाडून त्याला ठिगळ लावलें तर तें नवें फाटलेलें लुगडें दिसतें, जुनें नव्हे. कापड आधीं पुनःपुन्हां धुवून त्याची खळ काढावी, गुडघ्याशीं व पदराच्या टोंकाशीं तें घासून विरळ करावें, आणि ठिगळ असें लावावें कीं तें शिंप्यानें नव्हे, रात्रीं मूल निजल्यावर सिंधूनेंच लावलें असें दिसावें. आजचे कारागीर पांढऱ्या कापडाचा उजळपणा मोडण्यासाठीं तें चहाच्या पाण्यांत बुडवितात. दारिद्र्य देखणें करून दाखविण्याचा मोह रंगभूमीला नेहमींच होतो. आमच्या मतें तो भरजरी शालूंच्या मोहापेक्षां वाईट.

प्रयोग संपल्यावर कपडेपटाचा दिवस सुरू होई. घामेजलेलें रेशीम तसेंच पेटींत घातलें तर जर काळवंडते, म्हणून आधीं तें दोरीवर पसरावयाचें. अत्तराचा तेलकट डाग वेगळा काढावयाचा. आणि बालगंधर्वांची अत्तराची हौस प्रसिद्धच होती! रेशीम सोड्यानें खराब होतें, त्याला रिठ्याचें पाणी सोसतें. एकाच मोडीवर वारंवार घडी घातली कीं तेथें धागा तुटतो, म्हणून मोड बदलावयाची. पेटींत वेखंडाचे तुकडे टाकावयाचे. पावसाळ्यांत बुरशीची निराळी धास्ती. आमच्या आज्या आपल्या एका पेटीसाठीं हें सर्व करीत. कपडेपटांत पेट्यांच्या रांगा असत. कोणत्या पेटींत कोणत्या नाटकाचे कोणत्या अंकाचे कपडे, हें तोंडपाठ नसेल तर मध्यंतरांत रुक्मिणीची चोळी सांपडावयाची नाहीं.

पैशाचा विषय टाळून चालणार नाहीं. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्यें निघाली. तिचीं ‘स्वयंवर’ व ‘द्रौपदी’ हीं नाटकें थाटासाठीं गाजलीं, आणि मंडळीच्या डोक्यावर जें कर्ज चढलें त्याचें एक कारण हा थाटच होता. प्रेक्षकांना अस्सल तेंच द्यावयाचें हा बालगंधर्वांचा आग्रह थोर होता. परंतु खरा शालू आणि नीट निवडलेला साधा शालू यांतील अंतर शेवटच्या रांगेंतून किती दिसतें, हें कपडेपटांतील माणसाला ठाऊक असतें. त्याला तें विचारण्याची चाल आमच्या नाटकधंद्यांत नव्हती. हिशेबाच्या वहींत त्याच्याकडे खर्च म्हणून पाहिलें गेलें, सल्लागार म्हणून नव्हे. पुढें १९३५ सालीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत बालगंधर्व एकनाथ झाले, तेव्हां त्यांच्या अंगावर संताचा साधा वेष आला.

स्त्रियाच स्त्रियांचीं कामें करूं लागल्या, १९३३ मध्यें ‘आंधळ्यांची शाळा’सारखीं घरगुती वातावरणाचीं नाटकें आलीं, तशी कपडेपटाची दृष्टि पालटली. ‘घाशीराम कोतवाल’ या १९७२ च्या नाटकांत तर ब्राह्मणांची रांगच पडद्याचें काम करते. तेथें जर नाहीं, मखमल नाहीं. परंतु प्रत्येक धोतर दररोज सारखें पांढरें असावें लागतें, कारण एक पिवळट निघालें कीं पडद्याला भोंक पडलेंच. हें नाटक १९८० सालीं युरोपांत फिरून आलें.

मुक्कामी कंपनीची पद्धत आतां मागें पडली आहे. एका गांवीं एक रात्र, लगेच बस, दुसऱ्या दिवशीं दुसरें गांव. अशा एका बसच्या मागच्या भागांत आम्हीं आडवी बांधलेली दोरी पाहिली. तिच्यावर घामानें भिजलेले अंगरखे वाळत होते आणि खालीं फेट्यांच्या डब्यांवर हात ठेवून कपडेपटांतले वृद्ध गृहस्थ बसले होते. एका तरुण नटानें येऊन विचारलें, “मामा, उद्यां माझी बाराबंदी वाळेल ना?” मामांनीं खिडकीबाहेर हात काढून वारा पाहिला आणि म्हणाले, “घाट उतरेपर्यंत वाळेल. तूं नीज आतां.”