पद्मिनीचे ब्रेक: डिस्क टाकायचे की ड्रमच नीट करायचे?

ज्यांनी हा एपिसोड बसमध्ये ऐकला आणि अर्धा हॉर्नमध्येच गेला, त्यांच्यासाठी हा लिहिलेला एपिसोड. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

आमच्या घरी १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, आजोबांनी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरत होतो. बाबा चालवत होते. गाडी थर्डमध्ये, पाय ब्रेकवर. अर्धा घाट उतरला आणि पेडल थेट तळाला गेलं. बाबांनी दोन-तीनदा पंप मारला, मग सेकंड गिअर, मग हॅन्डब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. आई बराच वेळ काही बोललीच नाही.

गंमत पुढे आहे. अर्ध्या तासानं पेडल आपोआप वर आलं! दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवलं, तर सगळं ठीक. कोड लिहिणाऱ्यांना कळेल, ज्या बगला पुन्हा पकडता येत नाही तोच सगळ्यात वाईट.

तेव्हा ठरवलं की रिस्टोरेशनमध्ये रंग नंतर, ब्रेक आधी.

घाटात झालं काय?

ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो आणि ती हवेत सोडतो. आता हिशेब बघा. माणसं धरून गाडी ११०० किलो. ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर साधारण दीड लाख ज्यूल उष्णता तयार होते. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार साधारण १२०० मीटरचा. एवढं उतरताना साधारण १ कोटी २९ लाख ज्यूल कुठंतरी जिरवावे लागतात. म्हणजे ६० वरून जवळपास ८५ वेळा गाडी थांबवण्याइतकं काम! त्यातलं थोडं हवा खाते, थोडं इंजिन. पण गिअर मोठा असेल तर इंजिन फारसं खात नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रमची उष्णता आत कोंडते. इथं दोन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात, आणि फरक पायाला कळतो.

पहिली, पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही. म्हणजे लायनर तापून त्याची पकड गेली.

दुसरी, पेडल मऊ होऊन खाली जातं. ड्रम तापून फुगला, शूपासून लांब गेला, की पेडल थोडं जास्त खाली जातं. पण थेट तळाला गेलं, तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल मारता आणि वाफच दबत राहते. गार झालं की वाफेचं परत पाणी, आणि पेडल जागेवर. आमचा बग सापडला!

पण ऑइल उकळलं का? कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आमचं ऑइल कधी बदललं होतं, हे घरात कुणालाच आठवेना. रंग चहासारखा होता.

मग डिस्क का नाही?

माझा पहिला विचार तोच होता. डिस्क उघडी असते, लवकर गार होते, पाण्यातून गेली तरी लगेच सुकते. पण डिस्क टाकणं म्हणजे एक लायब्ररी बदलणं नाही, तिच्या सगळ्या डिपेन्डन्सी बदलाव्या लागतात.

ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच जास्त दाबला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून पायाला जास्त जोर लागतो आणि बूस्टर बसवावा लागतो.

मास्टर सिलिंडरही जुळवावा लागतो. पाऊण इंचाच्या जागी सात अष्टमांश इंचाचा टाकला, तर तेवढ्याच जोराला दाब साधारण २७ टक्क्यांनी घटतो. शिवाय ड्रमच्या सिस्टिममध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड घासतच राहतात.

ब्रेक मारला की वजन पुढं जातं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढं-मागं ताकदीचा मेळ चुकला आणि मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी गरकन फिरते. आणि कॅलिपर रिमला लागतो का, हेही बघायचं.

आम्ही काय केलं?

आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "अरे, आहे ते आधी नीट कर. मग नवीन माग."

ड्रम मोजून लेथवर साफ केले. नवे लायनर, व्हील सिलिंडरची नवी रबर किट, सगळे होज पाइप नवे. जुने होज बाहेरून चांगले दिसतात, पण आतून सुजून ऑइल अडवतात. एक सूचना, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

आणि खरं अपग्रेड एकच केलं. जुन्या सिस्टिममध्ये सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट होतं. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. आम्ही दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. एक बाजू गेली तरी दुसरी राहते. पेडलच्या रॉडला थोडी मोकळीक ठेवली, नाहीतर ऑइल परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतात. मग डॉट ४ भरून, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढली.

डिस्क टाकले नाहीत. बाबांचं म्हणणं होतं, गाडी मूळ रूपात राहू दे. त्याला आधारही आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून "व्हीए" मालिकेत नोंदवता येते. आमची पन्नाशीच्या जवळ आहे. तुम्ही मोठा बदल करणार असाल तर आधी आरटीओत विचारा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तोच घाट परत उतरलो. यावेळी सुरुवातीपासून सेकंड गिअर, ब्रेक थोडा मारून सोडायचा. मी मागं बसून बाबांच्या पायाकडेच बघत होतो. खाली पोचल्यावर आई म्हणाली, "आता चहा घेऊ."

या रविवारी एक काम करा. तुमच्या गाडीचं, बाईकचंही, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघा. तारीख आठवत नसेल, तर बदलायची वेळ झालीये.