बंदर जागा कां बदलतें?

प्रवरेच्या कांठीं वसलेल्या नेवाशास समुद्राची वार्ता कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर येथल्याच मातींत सांपडलें आहे. १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां रोमन साम्राज्यांतून आलेल्या दोन कानांच्या उंच रांजणांचीं खापरें मिळालीं. असे रांजण मद्य व तेल भरून जहाजांतून येत. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला माल सह्याद्रि ओलांडून इतका आंत पोंचत होता. ज्या मुलखाचा माल एखाद्या बंदरांतून जातो-येतो, त्यास भूगोलांत त्या बंदराचा पृष्ठप्रदेश म्हणतात. आमचें गांव दोन हजार वर्षें कोणत्या ना कोणत्या बंदराच्या पृष्ठप्रदेशांत आहे. बंदरें मात्र बदलत गेलीं.

तीं कां बदलतात, हाच आजचा विषय. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक समुद्रवर्णनांत सोपारा व कल्याण यांचा बंदरें म्हणून उल्लेख आहे. आज सोपाऱ्यास जाणारा मनुष्य आगगाडीनें नालासोपारा स्टेशनावर उतरतो. जेथवर जहाजें येत ती खाडी गाळानें भरली. गाळ हा बंदराचा जुना शत्रु. दुसरा शत्रु अधिक चमत्कारिक आहे, आणि तो म्हणजे बंदरानेंच वाढविलेलें शहर.

मुंबईचेंच पहा. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि युरोपची वाट निम्म्यानें नव्हे तरी पुष्कळच जवळ आली. १८७३ त पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मग १८८० त प्रिन्सेस, १८८८ त व्हिक्टोरिया आणि १९१४ त अलेक्झांड्रा, अशा एकामागून एक गोद्या पूर्व किनाऱ्यावर बांधल्या गेल्या. गोदीच्या मागें वखारी, वखारींच्या मागें आगगाडीचे रूळ, त्यांच्या मागें चाळी. बॅलार्ड इस्टेट तर अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामांतील मातीनें समुद्र हटवून झालेली आहे. पण मुंबई हें दक्षिणोत्तर लांबट, चिंचोळें बेट, आणि बंदर त्याच्या दक्षिण टोंकाकडे. घाटावर जाणारी प्रत्येक मालमोटार साऱ्या शहराच्या गर्दींतून वाट काढीत उत्तरेस जावयाची, आणि कचेऱ्यांकडे जाणारा जनसमुदाय रोज सकाळीं तिच्या उलट दिशेनें दक्षिणेस यावयाचा!

१९६५ त चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० त त्यासाठीं सिडको ही संस्था निघाली. १९८९ त न्हावाशेव्याचें बंदर सुरू झालें. तोंवर माल लोखंडी कंटेनरांत भरून नेण्याची पद्धत रूढ झाली होती. हे कंटेनर रचून ठेवण्यास विस्तीर्ण मोकळें आंगण लागतें. तें जुन्या शहराजवळ कोठून मिळणार? जेम्स बर्ड या इंग्रज भूगोलज्ञानें १९६३ त ब्रिटनमधील बंदरांवरून हाच क्रम दाखविला होता. बंदर गांवाच्या कुशींत जन्मतें आणि मोठें होतांच खोल पाण्याच्या व मोकळ्या जागेच्या शोधांत दूर जातें. लंडनच्या जुन्या गोद्या ओस पडल्या आणि त्यांचा व्यापार टेम्सच्या मुखाकडे टिलबरीस गेला.

मुंबईची गोष्ट मात्र येथें निराळी होते. जमिनीवर बंदरें दोन झालीं, तरी समुद्रांत शिरण्याचें तोंड एकच राहिलें. मोठें जहाज मोटारीप्रमाणें कळ दाबतांच थांबत नाहीं, आणि खोदून खोल केलेल्या पाटाबाहेर गेलें तर गाळांत रुतावयाचें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं न्हावाशेव्याहून निघालेलें 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारें 'खलिजिया-३' हीं जहाजें एकमेकांवर आदळलीं. शेंकडों कंटेनर पाण्यांत पडले, तेल पसरलें, आणि दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस बंद पडली. शिवाय भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास, गेटवेवरून मांडव्यास व घारापुरीस जाणाऱ्या लाँची याच पाण्यांत. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' लाँचेवर नौदलाची वेगवान नौका आदळली व डझनाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. शहर वाढतें म्हणजे त्याचें पाणीहि गजबजतें.

माझ्या मतें अडचण नकाशापासूनच सुरू होते. शाळेच्या नकाशांत जमीन रंगीबेरंगी आणि समुद्र नुसता निळा. नाविकांच्या नकाशांत नेमकें उलट: जमीन जवळजवळ कोरी आणि समुद्र खोलीच्या आंकड्यांनीं, दीपांच्या व खडकांच्या खुणांनीं भरलेला. शहर आंखणारा एक नकाशा पाहतो, जहाजांचा मार्ग आंखणारा दुसरा. आणि कोळी ज्या पाण्यावर पोट भरतो त्याच्या खुणा बहुधा दोहोंतहि नसतात.

पालघर जिल्ह्यांतील वाढवण येथें सध्या हाच प्रश्न आहे. तेथें किनाऱ्यापासून फार दूर न जातां वीस मीटरच्या सुमारास खोल पाणी मिळतें, म्हणून बंदर हवें. पण डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून राखलेला, आणि १९९८ त तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें बंदराची कल्पना नाकारली होती. २०२३ त त्याच प्राधिकरणानें संमति दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली; कोळ्यांचा विरोध मावळलेला नाहीं. जहाजांची वाट जेथून आंखावयाची, तेथें आज त्यांचीं जाळीं पडतात. त्या जाळ्यांची मोजदाद पाण्याच्या खोलीइतक्याच बारकाईनें व्हावयास हवी.

आमच्या तालुक्यांत घोडेगांवास कांद्याचा मोठा बाजार भरतो. परदेशीं जाणारा कांदा आज बहुधा न्हावाशेव्याची वाट धरतो. वाढवणचें बंदर उभें राहिलें, तर त्याला नाशिकच्या अंगानें दुसरी वाट फुटेल, आणि त्या वाटेवरचीं गांवें वाढूं लागतील.