सॅमसन महंत आणि त्याचा चिटणीस

आमच्या कॉलेजच्या दिवंगत प्राचार्यांच्या स्मृतिग्रंथासाठी लेख द्यायचे मी कबूल केले, तेव्हा हे काम फार तर चार संध्याकाळींचे आहे अशी माझी समजूत होती. सरांच्या हाताखाली मी आधी शिकलो आणि पुढे बारा वर्षे शिकवले. आठवणींना तोटा नव्हता. शिवाय 'ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व', 'वटवृक्षाची सावली', 'कधीही न भरून येणारी पोकळी' हा माल मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी पीठमिठासारखा बारमाही भरलेला असतो.

पण चार संध्याकाळी गेल्या, चार आठवडे गेले, आणि कागदावर शीर्षकाखेरीज काही उतरेना. कारण मला ठाऊक होते. माझी एम. ए.ची परीक्षा फी सरांनी स्वतःच्या खिशातून भरली आणि पुन्हा कधी तिचा उल्लेखही केला नाही, हे खरे. पण विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा सर्वांत व्यासंगी माणसाला डावलून त्यांनी ती एका होयबाला दिली, हेही तितकेच खरे. डावललेले गृहस्थ वर्षभरात गाव सोडून गेले. त्या सभेला मी हजर होतो आणि मी तोंड उघडले नव्हते. आता हे लिहावे की न लिहावे? "गेलेल्या माणसाचे उणे काढू नये," असे आमच्या सौ.चे मत. "मग ग्रंथ कशाला काढता? फोटोला हार घाला नि मोकळे व्हा," असे कन्येचे मत. घरातच अशी दुफळी माजल्यावर मी लेखाची वही मिटली आणि उन्हाळ्याच्या सुटीत केंब्रिजला भाच्याकडे गेलो. वही मात्र बॅगेत होतीच.

एका रविवारी भाचा म्हणाला, "मामा, बेरी सेंट एडमंड्सला जाऊ. पाऊण तासाची आगगाडी. तुम्हाला पडके दगड आवडतात ना, तिथे हवे तितके आहेत."

नाव ऐकून मी चमकलो. कार्लाइलचे 'पास्ट अँड प्रेझेंट' हे १८४३चे पुस्तक मी विद्यार्थी असताना वाचले होते, आणि ते मला वाचायला दिले होते सरांनीच. त्या पुस्तकाचा एक मोठा भाग याच गावच्या मठाविषयी आणि सॅमसन नावाच्या तिथल्या महंताविषयी आहे. मी लगेच छत्री घेतली.

इ. स. ८६९ मध्ये डेन लोकांनी ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याला ठार मारले. पुढे तो संत ठरला, आणि जिथे त्याचा देह ठेवला होता तिथे १०२० मध्ये कन्यूट राजाच्या आश्रयाने बेनेडिक्टाइन पंथाचा मठ उभा राहिला. या मठाच्या प्रमुखाला म्हणतात अ‍ॅबट. आपण महंत म्हणू. पण नुसता जपमाळ ओढणारा महंत डोळ्यांपुढे आणू नका. गाव त्याचे, बाजाराचा कर त्याचा, गिरणीचा हक्क त्याचा, न्यायनिवाडा त्याचा. मोठा जहागीरदारच तो, फक्त अंगात झगा.

या मठाचे चर्च सुमारे पाचशे फूट लांब होते. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ खालसा केला आणि गावकऱ्यांनी घडीव दगड उचलून नेले. कुणाच्या भिंतीत गेले, कुणाच्या पायात गेले. आज तिथे सार्वजनिक बाग आहे. हिरवळीवर मुले बागडतात, आणि मधूनमधून गारगोटी-चुन्याचे ओबडधोबड सुळके उभे आहेत. वरचे दगडी कवच सोलून नेल्यावर उरलेला हा भिंतींचा गाभा. चर्चच्या पश्चिम दर्शनी भिंतीचे अवशेष मात्र विलक्षण आहेत. त्यांच्या पोटातच लोकांनी घरे बांधली आहेत. प्रचंड पडक्या कमानींतून खिडक्या डोकावतात, खिडक्यांना पडदे आहेत. वाळवीच्या वारुळात नांदणाऱ्या सापासारखा संसार! बाराव्या शतकातला नॉर्मन टॉवर आणि चौदाव्या शतकातला भव्य दरवाजा एवढेच काय ते डौलाने उभे आहेत. तो दरवाजाही कसा, तर १३२७ मध्ये महंतांच्या जाचाला कंटाळून गावकऱ्यांनी मठावर हल्ला केला, त्यानंतर बांधलेला.

"मग तुमचा सॅमसन कुठे आहे?" भाच्याने विचारले.

सॅमसन आहे तो एका वहीत. जोसेलिन नावाचा एक साधू सहा वर्षे त्याचा चॅप्लेन, म्हणजे खाजगी पुरोहित आणि जवळजवळ चिटणीसच, होता. ११७३ ते १२०२ या काळातल्या मठाच्या हकिगती त्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवल्या. १८४० मध्ये त्या प्रथम छापल्या गेल्या. आपल्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवताना स्वामी कुठे बसले, काय बोलले हे जसे बारकाईने टिपले, त्याच जातीची ही नजर आहे. जोसेलिन मात्र भक्ताहून थोडा खट्याळ आहे.

त्याने आरंभ केला तो कर्जापासून. ह्यू नावाचा आधीचा महंत म्हातारा, डोळ्यांनी अधू आणि कारभाराला ढिला. मठातला जो तो अधिकारी आपापला शिक्का मारून कर्ज काढी. एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी चाळीस मार्क व्याजाने काढले, ते शंभर पौंडांवर गेले. ११८० मध्ये कँटरबरीच्या यात्रेला जाताना ह्यू पडला, गुडघ्याची वाटी सरकली आणि त्यातच तो गेला. ११८२ मध्ये दुसऱ्या हेन्री राजासमोर निवड होऊन सॅमसन महंत झाला. त्याने कर्जाच्या कामी वापरलेले शिक्के गोळा करायला लावले, ते निघाले तेहेतीस! थकलेले कर्ज तीन हजार पौंडांवर होते. ते त्याने फेडले.

हा सॅमसन दिसायला कसा? सत्तेचाळीस वर्षांचा, मध्यम उंचीचा, जवळजवळ टकला, मोठ्या नाकाचा, जाड ओठांचा. तांबूस दाढी, झुपकेदार भुवया, डोळे आरपार पाहणारे. थोडी सर्दी झाली की आवाज बसायचा. गोडघाशा होता. खोटे बोलणारे आणि बडबडे त्याला आवडत नसत, आणि जेवणाबद्दल कुरकुर करणारे साधू तर मुळीच नाही. लॅटिन आणि फ्रेंच तो सफाईने बोले. पण सामान्य लोकांपुढे प्रवचन करी ते इंग्रजीत, आणि तेही आपल्या नॉरफोकच्या गावरान बोलीत. भाषेच्या मास्तराला एवढ्या एका गोष्टीवरून हा मनुष्य आपला वाटू लागतो.

मूळचा गरीब. पॅरिसला शिकत असताना एक पुरोहित तीर्थजल विकून आलेल्या पैशांतून त्याचा खर्च चालवी. गावच्या शाळामास्तरानेही त्याला फुकट शिकवले होते. महंत झाल्यावर त्या मास्तराचा मुलगा एका चर्चचे उत्पन्न मागायला आला, तेव्हा सॅमसनने ते कसलाही मोबदला न घेता दिले आणि कारणही सांगितले: तुझ्या वडिलांनी मला फुकट शिकवले म्हणून. गावात दगडी घरे विकत घेऊन त्याने ती शाळेला दिली, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना भाडे पडू नये. एकदा तो जोसेलिनला म्हणाला की महंत होण्यापेक्षा मठातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सांभाळणे मला अधिक आवडले असते. हे वाचताना मला माझी परीक्षा फी आठवत होती, हे सांगायला नकोच.

पण जोसेलिन इथेच थांबत नाही. हर्बर्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने हॅबरडन इथे पवनचक्की उभारली. मठाच्या गिरणीचे उत्पन्न बुडणार म्हणून सॅमसन इतका संतापला की त्याला अन्न जाईना. हर्बर्टचे म्हणणे, वारा तर सर्वांचा आहे! सॅमसनने ते ऐकून घेतले नाही. शेवटी महंताचे सुतार येऊन पाडण्याआधी म्हाताऱ्याने आपली चक्की आपणच उतरवून टाकली. हॅबरडन हे नाव त्या गावात अजून आहे. दुसरे प्रकरण कापणीपट्टीचे. मठाचे लोक ती वसूल करायला गरिबांच्या घरी जात आणि पैसा नसला तर तिवई, दार, हाताला लागेल ते उचलून नेत. मग म्हाताऱ्या बायका सूत कातायच्या चात्या उगारून, शिव्याशाप देत बाहेर येत. जोसेलिन स्वतः त्या मठाचा, त्याच मठाची भाकरी खाणारा. पण म्हाताऱ्यांची बाजू त्याच्या वहीत आली आहे.

आणि मग ते पान. इ. स. १२०० मध्ये मठात महंताच्या खालोखालची प्रायरची जागा रिकामी झाली. विद्वान साधू पुष्कळ होते. सॅमसनच्या मनात होता हर्बर्ट नावाचा, पवनचक्कीवाला नव्हे तर दुसराच, एक तरुण साधू. तो फारसा शिकलेला नव्हता. त्याने स्वतःच पाया पडून सांगितले की मला प्रवचन करण्याएवढी विद्या नाही. महंत म्हणाला, इतरांची प्रवचने पाठ कर, बाकीचेही तेच करतात. आणि अलंकारिक भाषेवर त्याने चार तडाखे ओढले. जागा हर्बर्टला मिळाली. तेव्हा एका अडाणी साधूने विद्वानांची टर उडवली. लॅटिनमध्ये नाम विभक्तीत 'चालवणे' आणि एखाद्याला 'बाजूला सारणे' यांना एकच क्रियापद आहे, त्यावरची ती कोटी होती: आयुष्यभर नामे चालवली, आता तुम्हालाच चालवून दिले! जोसेलिनने ती कोटी नोंदवली. ज्या महंतावर त्याचा जीव होता, त्याच्याच वहीत.

बागेतल्या बाकावर बसून हे मी भाच्याला सांगत होतो, आणि सांगता सांगता थांबलो. मी कुणाची गोष्ट सांगत होतो?

थोड्या वेळाने भाचा म्हणाला, "म्हणजे जोसेलिन निःपक्षपाती होता तर."

तसेही नाही. ११९० मध्ये ईस्टरच्या आदल्या रविवारी या गावात ५७ ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी सॅमसनने राजाची परवानगी मिळवून उरलेल्या ज्यूंना पहाऱ्यात गावाबाहेर घालवले. जोसेलिन हे दडवत नाही; उलट मिल्डेनहॉलची जमीन सोडवून आणली, नवे रुग्णालय काढले, ज्यूंना घालवले, अशी महंताच्या सत्कृत्यांची एकच यादी देतो! त्या रुग्णालयाच्या दरवाजाचा एक तुकडा फोर्नहॅम रस्त्यावर आजही उभा आहे. त्या घालवलेल्या माणसांचा मात्र दगडावर काही माग नाही. जोसेलिनने जे फूल म्हणून वाहिले, ते आठशे वर्षांनी साक्ष म्हणून उरले. स्तुती करणाऱ्यानेही घडले ते लिहून ठेवावे, म्हणजे जे त्याला दिसले नाही ते पुढच्यांना दिसते. त्याने नुसते 'पुण्यश्लोक' आणि 'ऋषितुल्य' लिहिले असते, तर आपल्याला सॅमसनचा चांगुलपणाही कळला नसता आणि हेही कळले नसते.

सॅमसन १२११ मध्ये वारला. मठ मोडल्यावर महंतांच्या समाध्या कुठे हेही लोक विसरले. मग एम. आर. जेम्स या केंब्रिजच्या विद्वानाला (भुताच्या गोष्टींसाठी पुष्कळांना तो ठाऊक असेल) फ्रान्समधल्या दुए इथल्या एका हस्तलिखितात महंतांच्या समाध्यांची जागा लिहिलेली सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे खणले आणि मठाच्या सभागृहाच्या जागी जुन्या महंतांच्या समाध्या मिळाल्या. पाचशे फुटांच्या चर्चला आपला महंत सांभाळता आला नाही. एका जुन्या कागदाने तो शोधून दिला.

परत आल्यावर माझा लेख तीन संध्याकाळींत झाला. परीक्षा फी लिहिली. कार्लाइलचे पुस्तक लिहिले. विभागप्रमुखाची जागाही लिहिली, आणि त्या सभेत मी गप्प बसलो होतो हेही लिहिले. ते वाक्य लिहायलाच सर्वांत जास्त वेळ लागला. छापण्याआधी लेख सरांच्या घरी दाखवावा असे ठरले. दोन दिवस धाकधुकीत गेले. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"वाचला रे तुझा लेख," काकू म्हणाल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो मनुष्य दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचा. त्या वर्षीपासून आला नाही. मी ह्यांना विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही."

"काकू, काढून टाकू का तो भाग?"

"कशाला? राहू दे. पण एक राहिलं बघ तुझं. आमटीत मीठ कमी पडलं की ताट बाजूला सारायचे नि तासभर घर डोक्यावर घ्यायचे, ते नाही लिहिलंस. सगळं खरं लिहितोयस, तर तेवढंच कशाला झाकायचं?"

मी ती ओळ घातली. ग्रंथाची पहिली प्रत काकूंना दिली, आणि दुसरी टपालाने पाठवली ती गाव सोडून गेलेल्या त्या गृहस्थांना. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.