खाकी कागद

तलाठ्याकडून सातबारा आणला की पुष्कळ लोक तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. तसे करू नका. खाकी पाकीट घ्या.

का, ते सांगतो. कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंचा थर. तंतू लांब, तर कागद चिवट. आपल्याकडे अंबाडीचा दोर वळतात, तो सहजासहजी तुटतो का? इथेही तसेच. वर्तमानपत्राचा कागद बहुधा लाकूड दळून करतात. तंतू तुटतात, आणि लाकूड घट्ट धरणारा अंश आत राहतो. ऊन लागले की तो पिवळा पडतो, कागद घडीवर मोडतो. शेजारच्या कागदालाही डाग पडतात. खाकी कागदाचे लाकूड औषधात शिजवून तो अंश बराचसा काढतात. लगदा पांढरा करीत नाहीत, म्हणून रंग मातकट.

जाड पाकिटाला मनिला पाकीटही म्हणतात. मनिला ही फिलिपीन्सची राजधानी. तिथे केळीच्या जातीचे अबाका नावाचे झाड होते. त्याच्या जुन्या दोरांचा लगदा करून पूर्वी हा कागद बनवीत. आता बहुतेक नावच उरले आहे!

कापसाचा कागदही असाच टिकाऊ. आपल्या शेजारी वर्ध्याला, मगनवाडीत, १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला. तिथे हातकागद शिकवीत. चिंध्या कुटायच्या, लगदा पाण्यात कालवायचा, जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबून वाळवायचा. कापूस तर आपल्या यवतमाळचा घरचाच.

ओल आणि वाळवी यांच्यापुढे मात्र खाकीचेही चालत नाही. पाकीट पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी भिंतीपासून दूर.