दोन अॅम्प्लिफायर, एक सूर

घरी उत्तम गाणे ऐकावे अशी हौस असणारा गृहस्थ दुकानात शिरला म्हणजे पहिला प्रश्न विचारतो, "अॅम्प्लिफायर किती वॉटचा?" साध्या स्पीकरपुरता हा प्रश्न बहुधा चालून जातो. स्थिरविद्युत स्पीकरपुढे मात्र तो अपुरा पडतो. आणि एकाऐवजी दोन अॅम्प्लिफायर जोडावयाचे असल्यास तो चक्क दिशाभूल करतो. असे का, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

साध्या स्पीकरात तारेचे वेटोळे कागदी शंकूला हलविते. स्थिरविद्युत स्पीकरात शंकू नाही आणि वेटोळेही नाही. प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ पडदा दोन सच्छिद्र पाट्यांमध्ये ताणलेला असतो. पडद्यावर हजारो व्होल्टचा विद्युत्भार ठेवतात, आणि गाण्याचा विद्युत्दाब ट्रान्सफॉर्मरने चढवून पाट्यांना देतात. त्या ओढाताणीने पडदा हलतो व स्वर उमटतो. अॅम्प्लिफायरच्या दृष्टीने हा एक मोठा कंडेन्सरच होय. आणि कंडेन्सरचा धर्म असा की, कंपने वाढली की त्याचा अडथळा घटतो.

इंग्लंडात पीटर वॉकर यांनी 1957 मध्ये बाजारात आणलेला क्वाड स्पीकर हे याचे नामांकित उदाहरण. त्याचा अडथळा खालच्या स्वरांत 30 ओहमच्या वर, तर अगदी वरच्या टोकास 2 ओहमच्या आसपास. त्याला त्याच कंपनीचा 15 वॉटचा अॅम्प्लिफायर पुरे होई. उलट दणकट अॅम्प्लिफायर लावून दाब शिखरावर 33 व्होल्टच्या पुढे नेला, तर आत ठिणगी उडून स्पीकर निकामी होण्याची भीती. तेव्हा येथे वॉटांपेक्षा दोन गोष्टी पाहावयाच्या : अडथळा कमी झाला तरी अॅम्प्लिफायर स्थिर राहतो काय, आणि त्याचा दाब मर्यादेत आहे काय.

काही जण दोन अॅम्प्लिफायर एकत्र गुंफतात; यास ब्रिजिंग म्हणतात. त्यात प्रत्येकाच्या वाट्यास निम्माच अडथळा येतो. 2 ओहमचा स्पीकर प्रत्येकाला 1 ओहमचा भासतो, आणि तोही दाब दुप्पट होऊ शकत असताना! हा मार्ग टाळावा हेच बरे.

दोन अॅम्प्लिफायरांचा खरा उपयोग मिश्र बनावटीच्या स्पीकरांत. त्यांत खर्ज शंकूकडे आणि वरचे स्वर पडद्याकडे असतात. समजा, ही वाटणी 300 कंपनांवर आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 138 कंपनांचा, तार षड्ज 277 चा. तो तार पंचमाकडे गेला की स्वराचे मूळ एका अॅम्प्लिफायरकडून दुसऱ्याकडे जाते! आता एक अॅम्प्लिफायर दाब 20 पट वाढवीत असेल आणि दुसरा 28 पट, तर दोहोंत जवळजवळ 3 डेसिबलचा फरक पडतो. वॉट दोघांचे सारखे असले तरीही पडतो. मग गवई तार सप्तकात पुढे सरकल्यासारखा वाटतो आणि खर्जात मागे राहतो. गवयाचा यात काहीच दोष नसतो.

उपाय सोपा आहे. स्पीकर सोडवून दोघांना 100 कंपनांचा तोच स्वर द्यावा, व्होल्टमीटरने दोहोंचा दाब मोजावा, आणि जास्त वाढविणाऱ्याचे आवक बटण कमी करून आकडे सारखे करावेत. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मात्र भाराविना चालवू नये. त्यास योग्य रोध जोडून मगच मोजावे. काही अॅम्प्लिफायर स्वर उलटा करतात. तसे असल्यास त्या एकाच्या स्पीकरकडील दोन तारांची अदलाबदल करावी, नाहीतर सांध्यावर दोन्ही आवाज एकमेकांस खातात.

तंबोऱ्याच्या तारा आधी एकमेकींशी जुळवितात, मग गाणे सुरू होते. किंमत आणि वॉट विचारण्यापूर्वी अॅम्प्लिफायरांच्या बाबतीतही तोच क्रम पाळावा, एवढेच आमचे सांगणे.