अर्धशिशी आणि तिच्या जोडीची दुखणी

आपल्या सिन्नरात विड्या वळणाऱ्या बाया पुष्कळ. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू. मान एकदा खाली गेली की तासन्‌तास खालीच.

आमच्या आळीतल्या अशाच एका बाईंना अर्धशिशी होती. अर्धं डोकं ठणके. उजेड सोसत नसे, भांड्याचा आवाज सोसत नसे, उलट्या होत. शिवाय मान धरे, कंबर दुखे, पाळीच्या वेळी पोटात कळा येत. घरचे म्हणत, "हिचं रोज नवं काहीतरी. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

हे ढोंग नव्हे. अर्धशिशी जुनी झाली, की अशी दुखणी तिच्या जोडीला पुष्कळांना असतात. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि तीन महिन्यांहून अधिक काळ असंच चालतं, तेव्हा डॉक्टर तिला जुनी म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांत अर्धशिशी सुमारे तिपटीनं आढळते.

पण डोक्याचा नि मानेचा संबंध काय? चेहऱ्याकडून येणारी नस आणि मानेच्या वरच्या भागातल्या नसा मेंदूच्या बुडाशी एकाच जागी मिळतात. दोन वाड्यांच्या वाटा एका फाट्यावर मिळाव्यात, तशा. म्हणून मानेचं दुखणं डोक्यात जाणवतं, डोक्याचं मानेत.

दुसरं कारण असं. मळ्यातला कुत्रा चोर आला की भुंकतो. पण रोजच चोर येऊ लागले, तर तो पान हललं तरी भुंकतो. दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसांचं असंच होतं. त्या फार हळव्या होतात. मग वेणी घालतानासुद्धा डोक्याची कातडी दुखते. एरवी न जाणवणारी कंबरही बोलू लागते.

विड्या वळल्यामुळंच अर्धशिशी होते, असं मात्र समजू नका. ती पुष्कळदा घराण्यात असते. जागरण, उपास, ऊन यांनी ती उठते. मान अवघडली की त्रासात भर पडते.

आता गोळ्यांचं. दुकानातून गोळी आणायची नि गिळायची, हे आपल्याकडं फार. साधी वेदनेची गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं महिनोन्‌महिने घेतली, तर त्या गोळीनंच डोकं दुखू लागतं! काही गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. त्या बाईंचं हेच झालं होतं. मात्र रोजची गोळी सोडायची ती डॉक्टरला विचारूनच. आणि डॉक्टरला डोकं, मान, कंबर, पोट सारं एकदम सांगा. काही वेळा एकच औषध दोन दुखण्यांना लागू पडतं.

डोकं एकाएकी भयंकर दुखलं, तापात मान ताठ झाली, हातपाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ती अर्धशिशी समजून घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

त्या बाई आमच्या रात्रीच्या वर्गाला येत. डॉक्टरांनी त्यांना दुखण्याचे दिवस टिपायला सांगितले. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या डोक्यासाठी "डो", मानेसाठी "मा" नि गोळीसाठी "गो" लिहू लागल्या. पहिल्या महिन्यात "गो" बावीस निघाले. ते पान घेऊनच त्या दवाखान्यात गेल्या. सोबत नवरा होता.