जुनी गाडी, चालती गाडी (भाग ११) : डेल्कोवर कोरलेले आकडे

कार्बोरेटर साफ झाला, प्लग नवे बसले, बॅटरी ठणठणीत आहे, तरी अ‍ॅम्बेसेडर चढावर मिसिंग मारते. अशा वेळी जाणता मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरची कॅप काढतो आणि रोटर चिमटीत धरून आडवा हलवून बघतो. रोटरबरोबर शाफ्टही खेळला की आजार सापडला. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते : माल आणायचा कुठून?

गॅरेजात ज्याला सरसकट डेल्को म्हणतात, तो डिस्ट्रिब्युटर एकाच वेळी तीन कामं करतो. पॉइंट उघडून कॉइलमध्ये हजारो व्होल्टांचा दाब उभा करतो, तो रोटर-कॅपमधून नेमक्या सिलिंडरला पोचवतो, आणि वेग व भार पाहून ठिणगी किती अंश आधी पडावी हेही ठरवतो. चार सिलिंडरांचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा डेल्कोचा शाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १५०० घेतो आणि सेकंदाला १०० ठिणग्या वाटतो. ल्युकसच्या डेल्कोत पॉइंटची फट असते ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश झिजून शाफ्ट ०.१ मिलिमीटर जरी सरकला, तरी फटीचा पाव हिस्सा गेला. मग फिलर गेज लावून कितीही नेमका पॉइंट सेट करा, टायमिंग एका जागी टिकत नाही.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण गाडीचं नाव सांगतात, आणि तिथेच शोध भरकटतो. कारण गाडीचं उत्पादन बंद झालं असलं तरी तिचा डेल्को अजून जगात एकटा पडलेला नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यातली शेवटची अ‍ॅम्बेसेडर २०१४ साली निघाली. पण तिचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं मोठं इंजिन एमजीबी या स्पोर्ट्‌स कारला होतं, आणि एमजीबी व मिनी जपणारे लोक ब्रिटनमध्ये आजही भरपूर आहेत. त्यांच्यासाठी ल्युकसच्या २५डी आणि ४५डी डेल्कोंच्या कॅप, रोटर, पॉइंट नव्याने बनतात. म्हणून आधी डेल्कोचं अंग रॉकेलने पुसावं आणि त्यावर कोरलेला नंबर वहीत उतरवावा. दुकानदाराला तो नंबर सांगावा. २५डीची कॅप किंवा रोटर ४५डीला चालत नाही. दिसायला चुलत भाऊ, पण उंची वेगळी.

भार पाहून टायमिंग बदलणाऱ्या व्हॅक्यूम युनिटवरचे आकडे तर वाचायलाच हवेत. समजा, तिथे ५-१७-१० असं कोरलंय. म्हणजे ५ इंच पाऱ्याच्या निर्वाताला युनिट टायमिंग पुढे ओढायला लागतं, १७ इंचांना थांबतं, आणि तोवर डेल्कोचे १० अंश, म्हणजे क्रँकचे २० अंश मिळतात. शेजारच्या डब्यातलं हुबेहूब दिसणारं युनिट वेगळ्या आकड्यांचं निघालं तर ते बसेल व्यवस्थित, पण गाडी नॉकिंग करेल किंवा पिकअप हरवून बसेल.

पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट, कोलकात्यात मलिक बाजार : जुना माल निघतो तो अशाच ठिकाणी. मुंबईत प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी धावत होत्या तोवर तिच्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्याच्याकडे डबे शिल्लक आहेत, त्याच्याकडे आहेत.

बंद डब्यातला माल मात्र आंधळेपणाने घेऊ नये. जुनी बेकेलाइटची कॅप चांगली निघू शकते. आत शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतो, ती परत करावी. व्हॅक्यूम युनिटमधला रबरी पडदा डब्यातही कडक होतो. नळीने तोंडाने ओढून जिभेने भोक दाबावं. ओढलेला दांडा हळूहळू मागे आला तर पडदा फाटलाय. कंडेन्सरसाठी गाडीच्या नावाचा हट्ट कशाला? ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा चांगल्या बनावटीचा कंडेन्सर चालतो, हवा तर डेल्कोच्या बाहेर बसवता येतो. उलट नवा रोटर नीट पारखावा. पितळी पट्टी रिव्हेटने जडवलेली असेल आणि रिव्हेटखालचं प्लास्टिक पातळ असेल, तर ठिणगी ते भेदून थेट शाफ्टमध्ये उतरते. गाडी चालता चालता बंद, आणि कॅपमध्ये डोळ्यांना काहीच दिसत नाही.

बुश मात्र दुकानापेक्षा टर्नरकडे करून घेणं बरं. तो सच्छिद्र ब्राँझचा असतो, तेल पोटात धरून ठेवतो. बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा. घाई असेल तर १०० अंश सेल्सियस तापलेल्या तेलात दोन तास. बसवल्यावर रीमर घालून मोठा करायचा नाही, नाहीतर छिद्रं बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे टर्नरला आधीच सांगावं, कारण त्याचा हात सवयीने रीमरकडेच जातो.

शाफ्ट बाहेर आलाच आहे तर वेगानुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या खालच्या वजनांच्या दोन स्प्रिंगांकडेही लक्ष द्यावं. त्यातली एक मुद्दाम सैल असते, इंजिनाने वेग घेतल्यावरच ती ताणली जाते. झिजली समजून ती आखूड करणारे हात अनेक गॅरेजात आहेत. त्यांनी चांगल्या इंजिनांचा पिकअप मारलाय.

शाफ्टच्या तळाच्या ड्राइव्ह डॉगचे दात मध्यापासून एका बाजूला सरकलेले असतात, म्हणून डेल्को इंजिनात उलटा बसूच शकत नाही. पण बुशसाठी पिन ठोकून डॉग काढला आणि परत लावताना अर्धा फेरा फिरला, तर रोटर बरोब्बर विरुद्ध दिशेला तोंड करतो. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, लोक कार्बोरेटर उघडतात. पिन काढण्याआधी डॉग आणि शाफ्ट या दोन्हींवर सेंटर पंचने एकेक ठिपका मारून ठेवावा.

(पुढील आठवड्यात : डायनॅमो आणि कटआउट)